पितळी पत्र्याखालची ओल

वरठी,
८ नोव्हेंबर २००६

बाबुलाल, जयभीम.

तुझा पत्ता मले अंकुशनं दिला. पवनीच्या बाजारात भेटला. बायजावैनीचा सख्खा भाऊ तो, पण आधी सांगतच नव्हता. म्हणे, जिजाजीले कोणाचं पत्र नको असते. मी म्हटलं, अरे, मी कोणी परका होय का? वीस वर्षं आम्ही दोघांनी एका बॉयलरसमोर बसून डबा खाल्ला. तेव्हा कुठं त्यानं बिडीच्या बंडलाचा कागद फाडून त्यावर पत्ता लिहिला. तुम्ही दुर्गले रुचिताच्या क्वार्टरवर राहता, ती नर्स झाली, हे बी त्यानंच सांगतलं.

म्हणजे हे पत्र तीच वाचून राहिली असेल. रुचिता बेटा, मी जागेश्वरकाका, वरठीचा. राईस मिलमध्ये तुझ्या बाबासंग बॉयलरवर होतो. तू बारावीत होती तेव्हा पाह्यलं होतं तुले. सावकाश वाच. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

बाबुलाल, आपलं इंजिन मी बाहेर काढलं.

पेटीत होतं. निर्मलेनं त्याच्यावर गोधड्या रचल्या होत्या. काढलं तर चाकांवर गंज, सिलिंडरमध्ये झुरळाची अंडी, पण बॉयलर जसाच्या तसा. तांबं काळं पडलं तेवढंच. चिंच लावून घासलं तर तू दिलेले चांदीचे टाके अजून दिसतात, एका रेघेत. तीन उन्हाळे लागले होते आपल्याले तो जोडाले. दोन हात लांब इंजिन, अन् तू त्याच्यासाठी अशी घाई करायचा जसं उद्या गोंदियाची गाडी ओढायची आहे. तुझा बाप लोकोशेडात खलाशी होता, तुले लहानपणी खांद्यावर बसवून इंजिनाच्या तोंडापाशी न्यायचा, तिथून हे वेड. मी आपला तुझ्यामागं.

राह्यलं आहे ते बॉयलरचं लॅगिंग, म्हणजे आग आत धरणारं कापूस-पत्र्याचं पांघरूण, अन् वरचं काम. कापूस कोणता भरायचा, पत्रा किती जाडीचा, सगळं तुझ्या डोक्यात होतं, कागदावर काही नाही. तू सांगशील का?

आता सात वर्षांनी हे काहून सुचलं, असं तू म्हणशील. दसऱ्याआधी मिलमधला आपला मोठा बॉयलर भंगारवाल्यानं कापून नेला. मी पाहाले गेलतो. घरी आलो अन् पेटी उघडली. दुसरं काही नाही.

तुझे डोळे गेले त्याले या डिसेंबरात सात वर्षं होतात. गोंदिया जिल्हा आपल्यातून वेगळा झाला त्याच सालची गोष्ट. तू नागपूरच्या दवाखान्यातून परस्पर दुर्गले गेला, मले न सांगता. मी काही मनात ठेवलं नाही. तू बी ठेवू नको.

वैनीले नमस्कार.

तुझा
जागेश्वर


वरठी,
२९ नोव्हेंबर २००६

बाबुलाल, जयभीम.

उत्तर नाही आलं. चालते. मी लिहितो.

लॅगिंग चढवायच्या आधी बॉयलर पाण्यानं भरून हातपंपानं दाब दिला. पाच किलोवर चालवायचा म्हणून दहा किलो दिला, तू शिकवलं तसं. दहा मिनिटं काटा जागेवर होता, मग थोडा उतरला. उलटा करून पाह्यलं. फायरबॉक्सच्या उजव्या अंगाले, खालून दुसऱ्या खिळ्याच्या बुडाशी एक थेंब. पुसला तर पुन्हा आला. मोहरीएवढा.

धनीरामच्या वर्कशॉपात होतो मी तेव्हा. तुले धनीराम माहीत नाही, तू गेल्यावर त्यानं स्टेशनरोडवर लेथ टाकली. चांगला पोरगा आहे. तो म्हणे, "काका, थेंबच तर होय. वरून कापूस अन् पत्रा चढला का कोणाले दिसते?"

मी त्याच्या हातातला पितळी पत्रा हिसकून घेतला अन् भिंतीवर फेकला. तो पाहतच राहिला. माझ्या तोंडून शिवी बी गेली. मग मले लाज वाटली. त्याले चहा पाजला. त्यानं विचारलं, "एवढं काय झालं काका?" मी म्हटलं, ओल आहे तोवर बॉयलर झाकायचा नसते. तो म्हणे, बरं.

टाका पुन्हा दिला. आता बारा किलोवर अर्धा तास ठेवला, सुकाच्या सुका. तीनदा केलं. काल पुन्हा एकदा केलं, कारण नव्हतं तरी.

लॅगिंगले म्हणून घरच्या जुन्या कांबळाचा तुकडा गुंडाळून शेगडीवर गरम करून पाह्यला. घरभर ओल्या मेंढीचा वास. निर्मला म्हणे, तुमचं इंजिन चाललं तरी माणसं घर सोडून जातील. हे रुचिता वाचेल तर तू हसशील म्हणून लिहिलं.

रुचिता बेटा, बाबा हसला का नाही, एवढं तरी एका कार्डावर कळव.

तुझा
जागेश्वर


वरठी,
२६ डिसेंबर २००६

बाबुलाल, जयभीम.

तुझं पत्र आलं. पोस्टमन गेल्यावर मी ते अर्धा तास खिशातच ठेवलं.

तू सांगतलं तसंच केलं. कांबळ फेकलं. भट्टीवाले वापरतात तो सफेद सिरॅमिकचा कापूस इथंच एकाकडून आणला, बोटाच्या अर्ध्या जाडीचा थर दिला. खिळ्यांच्या डोक्यांवर दाबून त्याची जागा केली. हातात जाड मोजे घातले, तोंडाले रुमाल बांधला, हे बी तू लिहिलं होतं म्हणून. "तांबं गरम झालं का फुगते, त्याच्यासाठी जागा ठेव, पत्रा आवळून मारू नको," हे तर मी विसरलोच असतो.

पत्र्याचा आधी कागदाचा साचा केला. बॉयलर पुढून बारीक, मागं फायरबॉक्सकडं जाड, म्हणून साचा सरळ बसत नाही. जुन्या पेपरचे चार साचे वाया गेले. बॉयलरवरच्या घुमटासाठी भोक कापताना पाचवा बी गेला. मग पितळी पत्रा लोखंडी पाईपवर लोळवून लोळवून त्याले गोलाई दिली. घाई केली तर घडी पडते अन् ती घडी मग मरेपर्यंत जात नाही. आता तो बसला. सांधा पोटाखाली घेतला. तुझ्या हाताले लागणार नाही.

तुझ्या पत्राच्या शेवटच्या चार ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. रुचितानं तू बोलला तसंच लिहिलं असेल. "माझ्या हातून जे झालं त्याच्यानं मिल एक सीझन बंद राह्यली, तुले बी लोकांचं ऐकावं लागलं. मले माफ कर, जागेश्वर. त्याच लाजेनं मी न सांगता निघून आलो."

मी आजपर्यंत समजत होतो का तू माझ्यावर रागावून गेला. सात वर्षं तेच समजत होतो. अन् खरं सांगू, तेच बरं वाटत होतं.

निर्मला म्हणे, काय लिहिलं बाबुलालभाऊनं, तोंड असं काहून केलं? मी म्हटलं, लॅगिंग कसं करायचं ते लिहिलं.

बाबुलाल, माफी नको मागू. मागची गोष्ट राहू दे. पत्र्यावर आवळायच्या पट्ट्या बसवून झाल्या का लिहितो.

तुझा
जागेश्वर


वरठी,
१४ जानेवारी २००७

रुचिता बेटा,

हे पत्र आधी तू एकटी वाच. मग बाबाले वाचून दाखव. पण दाखवजोच. हे मी तिसऱ्यांदा लिहून राहिलो. आधीचे दोन कागद चुलीत गेले.

बाबुलाल,

बॉयलरचं काम झालं. पट्ट्या सहा बसल्या. पत्र्याले काळा एनॅमल दिला, तीन हात, प्रत्येक हात उन्हात दोन दिवस वाळवला. घुमट तेवढा पितळीच ठेवला. धनीराम म्हणे, शोकेसमध्ये ठेवा. एवढं लिहून मले मागच्या वेळेसारखं थांबता आलं असतं.

तुझे डोळे गेले त्या साली ऑक्टोबरात, सीझन सुरू व्हायच्या आधी, मिलच्या बॉयलरच्या तळाशी मी ओल पाह्यली होती. गाळ सोडायचा नळ बॉयलरले जिथं जोडला होता तिथं लॅगिंगच्या पत्र्यातून लाल पाणी उतरत होतं. मी पत्रा सोडला. आतला कापूस चिंब. नळाच्या बुडाशी लोखंडाचे पापुद्रे सुटले होते, नख लावलं तरी निघत होते.

शेठले सांगतलं. शेठ म्हणे, "जागेश्वर, धान येऊन पडलं आहे. वीस दिवसांवर तपासणी. एवढा सीझन निघू दे, उन्हाळ्यात नळ बदलू. पुढं तू बॉयलरचा माणूस, तू म्हणशील तसं." म्हणजे बॉयलर बंद ठेवायचं माझ्या हातात होतं. सर्टिफिकेट माझं होतं. पण माझं तोंड उघडलं नाही.

तू चार दिवस साळीच्या लग्नाले दिघोरीले गेलता, तेवढ्यात मी नवा कापूस भरला, नवा ॲल्युमिनियमचा पत्रा चढवला, पट्ट्या घासून चकाचक केल्या. तू आल्यावर पाहून म्हटलं, "वा, नवरदेव करून टाकला बॉयलरले." आठवते का? तपासणीच्या साहेबानं विचारलं, लॅगिंग काढून तळ पाह्यला का? मी म्हटलं, पाह्यला साहेब, सगळं बराबर आहे.

अन् डिसेंबरातल्या त्या सकाळी खालून बारीक सुसू आवाज येत होता. मी तुले म्हटलं, "बाबुलाल, खाली वाकून पाह्य तर, कायचा आवाज होय." तुझ्या हातात काही नव्हतं. पाना नव्हता, हातोडी नव्हती. तू वाकला अन् नळ सुटला, उकळतं पाणी थेट तुझ्या तोंडावर आलं. तिथं काय आहे हे मले माहीत होतं. म्हणूनच मी गेलो नाही, तुले पाठवलं.

चौकशीवाले आले तेव्हा तू नागपूरले बेशुद्ध होता. मी बयाण दिलं, की व्हॉल्व्ह अडकला होता अन् बाबुलालनं कोणाले न विचारता डाव्या हातानं हातोडीचे दोन ठोके मारले, त्याच्यानं नळ तुटला. डाव्या हातानं, हे मी मुद्दाम घातलं, तू डावरा म्हणून. त्याच्यानं ते खरं वाटते. आणखी एक सांगतो, ते कोणी बोललं नाही पण मी पाह्यलं. तुझं आडनाव अन् तुझ्या वस्तीचं नाव ऐकल्यावर त्यांनी पुढं काही विचारलंच नाही, नुसती मान हलवली. माझी जात दुसरी, माझ्यावर आलं असतं तर दहा प्रश्न झाले असते. हे मले तेव्हाच समजलं होतं अन् मी गुपचूप बसलो.

त्या बयाणावर मिलनं तुमच्यापासून हात झटकले. तू शुद्धीवर आला तर तुले काही आठवत नव्हतं. लोकांनी जे सांगतलं ते तू मानलं. मी एकदाच दवाखान्यात आलतो, तुझं तोंड पट्ट्यांत होतं. वैनीनं मले बसाले स्टूल दिला. मी उभाच राह्यलो अन् निघून आलो.

दसऱ्याआधी भंगारवाला बॉयलर कापत होता तेव्हा मी तिथं काहून गेलतो, ते बी सांगतो. नळाचं ते सडलेलं बूड कोणाले दिसते का, हे पाहाले गेलतो. कोणी तिकडं पाह्यलं बी नाही. दहा मिनिटांत तुकडे झाले अन् ट्रकमध्ये पडले.

तू माफी मागितली नसती तर मी हे लिहिलं असतं का नाही, सांगता येत नाही.

तू कर जे करायचं ते. शिव्या दे. रुचिता म्हणेल त्या ठिकाणी येऊन मी सही करतो.

जागेश्वर


वरठी,
१७ फेब्रुवारी २००७

रुचिता,

तुमचं पत्र भेटलं. पुढच्या पानावर बाबाचं, मागच्यावर तुझं.

तुझ्या हातून त्यानं लिहून घेतलं: "जागेश्वर, तुझं पत्र पोरीनं दोनदा वाचलं. तू असाच होय, हे मले पहिल्यापासून माहीत आहे. माझ्या मनावरचं उतरावं म्हणून तू सगळं आपल्या डोक्यावर घेऊन राहिला. असं करू नको. मले आता सगळं आठवते. हातोडी दोन पौंडाची होती, दांड्याले सुतळी गुंडाळलेली. दोन ठोके मारले, तिसऱ्याले हात उचलला होता. तू तर मले मागून 'थांब' म्हणून ओरडला बी होता."

बेटा, दांड्याले सुतळी गुंडाळलेली हातोडी आमच्या मिलमध्ये कधी नव्हतीच. मी ओरडलो नाही. माझ्या बयाणात बी हे नव्हतं. मी दोन ओळी दिल्या होत्या. बाकीचं त्यानं सात वर्षं अंधारात बसून आपल्या मनानं भरलं.

तुझं बी वाचलं. "तुम्ही खरं लिहिलं हे मले पहिल्या वाचण्यातच समजलं, काका. बाबाले चार दिवस समजावून राहिली. ते उलट माझ्यावरच चिडले, की अशा माणसाले मी खोटा ठरवते. आई म्हणते, सोड. मी नाही सोडणार. तुम्ही इथं या अन् त्यांच्या समोर बोला. एवढं तरी करा."

तू दुसरी एक बी ओळ लिहिली नाही. एक बी शिवी नाही. शिवी असती तर बरं झालं असतं.

तुझं पत्र येताच मी नागपूरले गेलो, बॉयलर तपासणीच्या हापिसात नवं बयाण लिहून द्याले. त्यांनी रजिस्टर पाह्यलं. म्हणे, ह्या नंबराचा बॉयलर भंगारात निघाला, नंबर रद्द झाला, आता चौकशी कायची? मी म्हटलं, माणूस तर आहे अजून, दुर्गले. तो कारकून काही वाईट नव्हता. त्यानं पाणी पाजलं. म्हणे, "आजोबा, अर्ज ठेवून जा." मी ठेवून आलो. पोच मागितली तर म्हणे, पोच कोणत्या फाईलवर देऊ?

म्हणून आता मीच येतो. ११ मार्चले, रविवारी. इंजिन घेऊन येतो. बाबाले नुसतं इंजिन दाखवाले येऊन राहिलो असं सांग. बाकीचं मी बोलीन. बोलीनच.

जागेश्वरकाका


वरठी,
१५ मार्च २००७

रुचिता,

ह्या पत्रात बाबाले वाचून दाखवण्यासारखं काही नाही. सोबत माझ्या सहीचं बयाण आहे, धनीरामची अन् निर्मलेची साक्ष आहे त्याच्यावर. निर्मलेले सही करतानाच समजलं. त्या दिवसापासून ती मले वाढते, पण बोलत नाही. कागद तुझ्याजवळ ठेव. कोणत्या कामाचा आहे, मले माहीत नाही.

तू रविवारी ड्युटीवरून आली तेव्हा दारातून तू जे ऐकलं, त्याच्या आधी काय झालं ते तुले माहीत असलं पाहिजे. तू मले काही विचारलं नाही, विचारणार बी नाही. म्हणून लिहितो.

मी बारा वाजता पोचलो. बाबा इस्त्रीचा सफेद शर्ट घालून खाटेवर बसला होता. वैनी म्हणे, सकाळपासून तसाच बसून आहे, झोपाले तयार नाही, शर्ट चुरगळते म्हणून. भाजल्यावर त्याचं तोंड पट्ट्यांशिवाय मी पहिल्यांदाच पाह्यलं. मले वाटलं होतं मी तयार आहे.

तो म्हणे, "आधी इंजिन."

स्टुलावर ठेवलं. त्यानं चाकांपासून सुरू केलं. एकेका दांड्यावरून बोट फिरवलं. बॉयलरवर आला तेव्हा हळू झाला. पट्ट्या मोजल्या. "सहा. स्क्रू खालून घेतले, बराबर केलं." घुमटाच्या बुडाशी पत्र्याच्या कडेवर नख फिरवून म्हणे, "इथं कानस थोडी जास्त लागली तुझी." लागलीच होती. मी ते काळ्या रंगानं झाकलं होतं. डोळ्यांनी कोणाले दिसलं नसतं.

अंगणात विटांवर चढवून कोळसे पेटवले. अठरा मिनिटांत वाफ धरली. मी रेग्युलेटर उघडला अन् चाकं फिराले लागली, हवेतच, भराभर. बाबानं चालत्या इंजिनाच्या बॉयलरवर तळहात ठेवला. वैनी ओरडली, "भाजेल!" तो म्हणे, "नाही भाजत. लॅगिंग जमलं. आत एवढी आग अन् बाहेर कोमट." अन् हसला. मोठ्यानं. शेजारची पोरं गोळा झाली. वैनी मले म्हणे, "भाऊजी, ह्या घरात हे असे कधी हसलेच नव्हते."

तेव्हा माझ्या मनात आलं, की आता इथंच थांबावं. पण तुले शब्द दिला होता. कोळसे विझल्यावर घरात जाऊन बसलो अन् मी बोललो. जे लिहिलं होतं तेच, सगळं, क्रमानं. सडलेला नळ, नवा पत्रा, साहेबाले दिलेलं उत्तर, अन् त्याले मीच वाकाले सांगतलं, हे.

बाबा ऐकत होता. मग म्हणे, "झालं?"

"झालं."

"पोरीनं शिकवलं तुले हे सगळं?"

"तिनं कायले शिकवावं? बाबुलाल, तुझ्या हातात काही नव्हतं. मी पाह्यलं ना. मी तिथंच होतो."

"मी बी तिथंच होतो," तो म्हणे. "माझा हात होय. माझ्या हाताले हातोडीचं वजन अजून समजते. तू काय सांगतो मले?"

मी दुसऱ्यांदा सांगतलं. तिसऱ्यांदा सांगतलं. बेटा, मी खरंच तीनदा सांगतलं. मी त्याचे पाय धरले. त्यानं पाय ओढून घेतले. त्याचा श्वास वाढला होता, मानेच्या शिरा वर आल्या होत्या. म्हणे, "दवाखान्यात तीन महिने कातडी सोलून काढायचे. माझी चूक होती म्हणून मी सोसलं, जागेश्वर. बायजानं लोकांघरी भांडी घासली, पोरीनं पोटाले चिमटा घेऊन शिक्षण केलं, मी पाहू शकत नव्हतो पण समजत होतं मले. माझीच चूक, म्हणून गुमान बसलो. चूक माझी नसती तर कसा बसलो असतो? सांग. कोणत्या तोंडानं बसलो असतो?"



त्यानं चाचपडत माझी कॉलर धरली. म्हणे, "खरं सांग आता. मी मारली का नाही हातोडी?"

वैनी त्याच्या मागं उभी होती. तिनं माझ्यासमोर हात जोडले. नुसती मान हलवत होती. डोळ्यांतून पाणी चाललं होतं. तिले सगळं खरं माहीत आहे, बेटा. तू वाचलं त्या दिवसापासून तिले माहीत आहे. तरी हात जोडले.

मी म्हटलं, "हो. तूच मारली."

गाडीत बसून वरठीपर्यंत मी स्वतःले सांगत आलो, की वैनीच्या हातांमुळं म्हटलं, त्याचा श्वास पाहून म्हटलं. तुले तसंच लिहिणार होतो. पण 'हो' म्हणताना मले जड नाही गेलं. चौकशीवाल्यांसमोर जेवढं सोपं गेलतं, तेवढंच सोपं गेलं. अन् म्हटल्याबरोबर माझ्या छातीतलं सैल झालं. हे कोणाले तरी माहीत असावं म्हणून तुले लिहून राहिलो.

पुढचं तुझ्यासमोरच झालं.

त्यानं कॉलर सोडली अन् दाराकडं तोंड केलं. "रुचिता होय का? आली का तू? ऐकलं आता? काकाच्या तोंडूनच ऐकलं?"

तू खांद्यावरची पर्स काढली नव्हती. चप्पल बी पायातच होती.

"दोन महिने झाले ह्या माणसाले काय काय बोलून राहिली तू," तो म्हणे. "मले बरं वाटावं म्हणून त्यानं आपल्यावर घेतलं, अन् तू खरं समजून बसली. एवढ्या दुरून इंजिन घेऊन आला तो. माफी माग काकाची."

तू वैनीकडं पाह्यलं. मग माझ्याकडं पाह्यलं असेल. माझी मान खाली होती.

"माग म्हणतो ना."

"माफ करा, काका," तू म्हटलं.

मी म्हटलं, "राहू दे, बेटा."

बाबानं खाट चाचपून मले जवळ बसाले जागा केली. "हां," तो म्हणे, "आता चहा ठेव." अन् तू चप्पल काढून आत गेली.

जागेश्वर